राहून गेलेली ओ

सदाशिव पेठ, पुणे
पौष शुद्ध अष्टमी

प्रिय कुसुम,

हे नाव लिहिताना बोरू दोनदा अडला. पोथीमागचं एक कोरं पान उरलं होतं, त्यावर लिहिते आहे. तू नऊ वर्षांची, कालच बोहल्यावरून उतरलेली. मी साठीची, तीन नातवंडांची आजी. तू म्हणजे मीच, पन्नासेक वर्षांमागची.

काल ताटातल्या तांदळांवर तुझं नवं नाव लिहिलं, आनंदी. सासूबाईंनी बजावलं, आता याखेरीज दुसऱ्या हाकेला ओ द्यायची नाही. तू मान हलवलीस. सांगितलेलं ऐकणारी मुलगी तू.

इकडे आज सकाळी मी हौदावर पाणी भरत होते. घागर कमरेवर घेतली आणि मागून हाक आली, "कुसे, अगं कुसे!" भरल्या हौदावर मी मोठ्याने ओ दिली. हाक मारणारी बाई म्हणाली, "आनंदीबाई, माझ्या कार्टीला बोलावतेय हो. तुम्हाला अगंतुगं करायला मला काय वेड लागलंय?" बायका हसल्या. माझी घागर कलंडली. लुगडं भिजलं तेही कळलं नाही. माहेरी दादाखेरीज कोणी नव्हतं, तोही लवकरच गेला, त्यामुळे या नावाने मला नंतर कोणी हाकच मारली नाही. कान मात्र तयार होता. घरातली पळीसुद्धा मी जागच्या जागी ठेवते. हा कान मी कुठे ठेवला होता? देवाने कुठल्या कोनाड्यात जपला? येताना देवळात गेले, पण मागायचं काही सुचेना.

मग वाटलं, तुला काहीतरी धाडावं. बांगड्या तू दोन दिवसांत फोडशील. चांदीचं काही धाडलं, तर संध्याकाळच्या आत सासूबाईंच्या पेटीत जाईल. खडीसाखर तू सगळ्यांना वाटून हात चाटत बसशील, मला ठाऊक आहे. शेवटी ठरवलं, सकाळची ती ओच धाडते. तिला वजन नाही, ती कोणाला काढून घेता येत नाही.

हे पत्र पोचेल तेव्हा दादा दाराबाहेर पागोटं बांधत असेल. धूळपाटीवर तुझा हात धरून त्याने पहिलं अक्षर गिरवून घेतलं ते 'कु'. बोळाच्या तोंडाकडे जाता जाता तो तीनदा हाक मारील, "कुसे!" तू आतून ऐकशील आणि ओठ घट्ट मिटून घेशील. बहीण रुसली असं समजून तो जाईल, फौजेबरोबर उत्तरेत, पानपतावर. पुढच्या पौषात, या पत्रावरच्याच तिथीला, तो तिकडेच राहिला. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "अगं वेडे, भावाला तरी ओ द्यायचीस." तर कुसुम, पहिल्याच हाकेला दे. तिसरीला तो वळणाआड गेलेला असतो.

तुझीच,
आनंदी