मागून कोरं पोस्टर

दादा,

जुन्या सिनेमांच्या प्रदर्शनात तुझ्या नावानं लावलेलं पोस्टर पाहिलं. खाली लिहिलंय, 'बंद थिएटरच्या भिंतीवरून सोडवलेलं.' बाबांनी जन्मभर भिंतींवर पोस्टरं चिकटवली; भिंतीवरचं पोस्टर अख्खं निघतं का रे? दोन काचांमध्ये टांगलेलं ते मी मागून पाहिलं. खळीचा एक डाग नव्हता. घड्या मात्र होत्या, बाबांच्या पेटीत बसतील अशा.

पेटीतलं पोस्टर नाहीसं झाल्यापासून बाबा मला विचारतात, "कुणाला दिलंस?" तुझं नाव काढलं, तर म्हणाले, "तो नाही असलं करायचा." पेटीची किल्ली आता उशीखाली लपवतात.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं, तर तू पोस्टर गुपचूप आणून माझ्याच कपाटात ठेवशील, असंही हल्ली मनात येतं.

रोज ती उशी झटकणारी,
तुझी धाकटी