ठसेघरातली पटाशी

भिलाई,
ता. ४ फेब्रुवारी १९६२

ती. रुक्माअक्का हिस,
देवानंदचा सप्रेम जयभीम. वि. वि.

अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. माझे दोन्ही डोळे सुजून मिटलेत आणि उजव्या हाताची दोन बोटं ठेचली गेलीत. म्हणून मी सांगतो आणि शेषराव लिहितो.

परवा मजुरांच्या कॅम्पातल्या नळावर आपल्या बायकांनी घागरी लावल्या, तेवढ्यावरून मारोतराव मुकादम आणि त्याची माणसं लोखंडी सब्बली घेऊन धावली. मी मध्ये पडलो. त्यांनी मला लोळवलं, तोंडावर लाथा घातल्या. मग मारोतरावनं माझा हात दगडावर दाबून धरला आणि सब्बल हाणली. संध्याकाळी त्यांनी रुआबांधा वस्तीतलं आमचं ठसेघरही फोडलं, ठोकळे पेटवून दिले.

या ठसेघराबद्दल तुला कधी नीट लिहिलंच नाही. कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये ओतकामाचे लाकडी साचे करणारे म्हातारे सुतार भय्याजी यांची ती पत्र्याची शेड. ड्यूटी सुटली की आम्ही चार-सहा जण तिथं लाकडात चित्रं कोरतो, शाई लावून कागदावर छापतो. आपला ठोकळा आपण छापायचा नाही, जोडीदारानं छापायचा, असा तिथला नियम. भय्याजी म्हणतात की कोरणाऱ्याले नुसत्या आपल्या चुकाच दिसून राहते, म्हणून दुसऱ्याचा हात लागते. माझा जोडीदार हा शेषराव. तो मारोतरावचा सख्खा भाऊ आहे. हे लिहिताना तो थांबला होता, पण मीच म्हटलं की तेही लिही.

माझ्यासाठी मुली पाहणं तूर्त थांबव. हे तोंड पाहून पळतील. आईला सांभाळून सांग. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा धाकटा,
देवानंद

---

नागपूर,
ता. ९ फेब्रुवारी १९६२

चि. देवानंद यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं आणि आधी तुझाच राग आला. भैताडा, लहानपणीही तू मार खाऊन घरी यायचास आणि मी जाऊन त्या पोट्ट्यांच्या झिंज्या उपटायची. आता मी भिलाईपर्यंत कशी धावू? तुझ्या हातात रोज धारेची पटाशी असते ना? ती काय फक्त लाकडालाच लावायची? ज्यानं तुझी बोटं ठेचली त्याच्या नरड्यात घाल. तुरुंगात गेलास तर मी भाकरी घेऊन येईन, पण असा पडून राहू नकोस.

आणि त्याच्याच भावाकडून पत्र लिहवून घेतोस? त्या घरातलं कोणी आपलं नाही, एवढं तरी समजत जा.

आईला तू पायरीवरून पडलास असं सांगितलंय. तिनं हळद कुटून दिली आहे, ती सोबत पाठवते. जीव तुटतो रे, म्हणून इतकं लिहिलं.

तुझी अक्का

---

भिलाई,
ता. १८ मार्च १९६२

ती. अक्कास जयभीम. वि. वि.

डाव्या हातानं लिहितोय. वाकडं आलं तरी वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा माझे डोळे मिटलेलेच होते. शेषरावनं वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. वाचून झाल्यावर घडी घालून माझ्या उशाशी ठेवलं आणि म्हणाला की अक्का बराबर बोलून राहिली.

तोवर सगळ्यांनी ठसेघर पुन्हा उभं केलं होतं. डोळे उघडले तसा मी तिथं डाव्या हातानं कोरायला बसलो. नळ, फुटलेल्या घागरी आणि सब्बल उगारलेला मारोतराव. ठोकळा पुरा झाला, पण छापायचा शेषरावनं. मी म्हटलं की या वेळी नियम बाजूला ठेव. त्यानं ऐकलं नाही. सख्ख्या भावाच्या तोंडावर त्यानं शाईचा रूळ फिरवला, वाटीच्या बुडानं घासून छाप काढले आणि कॅम्पातल्या भिंतींवर स्वतः चिकटवले.

दुसऱ्याच दिवशी मारोतराव ठसेघरात घुसला. शेषरावला त्यानं लाथेनं पाडलं, भय्याजींना भिंतीवर आपटलं. माझ्या हातात पटाशी होती आणि डोक्यात तुझं पत्र. अक्का, मी ती नेमकी मारोतरावच्या नरड्यावर चालवली. शेषराव उठून मध्ये आला. त्याच्या उजव्या तळव्यातून पटाशी आरपार गेली. मारोतराव रक्त बघून लहान पोरासारखा ओरडला. एका बाजूनं त्यानं आणि एका बाजूनं मी, असं उचलून शेषरावला दवाखान्यात नेलं.

शेषरावनं पोलिसांना सांगितलं की पाय घसरून तो स्वतःच पटाशीवर पडला. डॉक्टर म्हणतात की बोटं मिटतील की नाही, सांगता येत नाही.

मी तोंड दाखवेना. खोलीत पडून राहिलो. मग भय्याजी सगळ्यांना घेऊन आले, दारातच माझ्या कानशिलात वाजवली आणि दंडाला धरून ठसेघरात नेलं. म्हणाले की धार लावून ठेव, काम पडून आहे. ज्यांनी मला हाकलायचं, त्यांनीच मला घरून ओढून आणलं. अक्का, तू परत ये म्हणशील, पण या माणसांना सोडून मी नागपूरला येणार नाही. आता शेषरावचे ठोकळे सगळेच मिळून कोरतो. तो बाजूला बसून चुका काढतो.

माझ्यावरची माया कमी करू नकोस, आत्ता तिची गरज आहे.

तुझा,
देवानंद

---

नागपूर,
ता. २३ मार्च १९६२

रा. रा. शेषराव यांस,
रुक्माचा जयभीम. वि. वि.

आपली ओळख नाही. तुम्ही माझं एकच पत्र वाचलंत, तेही माझ्या भावाला मोठ्यानं वाचून दाखवलंत. त्यात मी तुमच्या भावाचं नरडं मागितलं होतं. तुमच्याबद्दल लिहिलं होतं ते तर तुम्ही आपल्याच तोंडानं वाचलंत. कसं वाचलं असेल, याचा विचार करते आणि हातातलं काम तसंच राहतं.

देवानंदनं जन्मात कोणावर हात उगारला नव्हता. तो वार माझा होता. त्याच्यावर राग धरू नका.

मारोतरावांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. ते खोटं मी तुम्हाला लिहिणार नाही.

एक मागते. या पत्राचं उत्तर देवानंदकडून लिहवून घेऊ नका. हात चालायला लागला की तुमच्याच अक्षरात चार ओळी पाठवा, शिव्या असल्या तरी चालतील. किती महिने लागले तरी मी वाट पाहीन.

लोभ मागायचा मला हक्क नाही, तरी मागते.

देवानंदची अक्का,
रुक्मा