सुधाजलचे दोनशे शेअर्स

मी, मधुसूदन विनायक पांढरीपांडे, वय वर्षे ६८, सेवानिवृत्त हेडक्लार्क, राहणार हनुमाननगर, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाला किंवा भिडेला बळी न पडता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. टाइप करून घेणार होतो. पण कोर्टासमोरचे टायपिस्ट एक कार्बन कॉपी स्वतःजवळ ठेवतात, असा माझा संशय आहे.

१. माझी एकुलती मुलगी सौ. नीला, हल्ली मुक्काम कोराडी वसाहत, हिला घराचा खालचा मजला व तिच्या आईचे, कै. यमुनाचे, दागिने द्यावेत. दागिने यादीप्रमाणे ताडून घ्यावेत. गेल्या दिवाळीत ती आईची पेटी उघडून बसली होती, विचारले तर म्हणे, "सहज पाहून राहिली बाबा." पेटी कोणी सहज पाहत नाही.

२. माझा मेहुणा केशव याला माझा रेडिओ द्यावा. रेडिओ मुळात आपलाच आहे असे तो बारा वर्षे सांगत आला आहे. ते खरे असेल तर मी त्याला काही दिले नाही, आणि खोटे असेल तर एकदाची त्याची हाव पुरी होईल.

३. सुधाजल केमिकल्स या सलाइनच्या बाटल्या करणाऱ्या कंपनीचे दोनशे शेअर्स, बोनस धरून आता आठशे, माझ्या लोखंडी कपाटात आहेत. ते मला कोणालाही देता येत नाहीत, कारण कागदोपत्री ते माझे नाहीत. ते अंजनाबाई मेश्राम हिच्या नावावर आहेत. अंजनाबाई आमच्याकडे वीस वर्षे धुणीभांडी करते.

हे कसे झाले ते लिहिणे भाग आहे. १९६९ च्या पावसाळ्यात मी आरोग्याच्या कामाशी संबंधित एका कचेरीत होतो. नाल्यापलीकडच्या वस्तीत उलट्या-जुलाब सुरू झाले होते. आमच्याकडे पटकीला पटकी म्हणायचे नाही, प्रयोगशाळेचा कागद येईपर्यंत "गॅस्ट्रो" लिहायचे, असा रिवाज होता. तो कागद आला तेव्हा साहेब सावनेरकडे दौऱ्यावर होते. पाकिटावर "गोपनीय" असा शिक्का होता. असे पाकीट साहेबांशिवाय कोणी फोडायचे नाही, हा दुसरा रिवाज. मी ते फोडले. वस्तीतल्या नळाच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले होते. पाकीट पुन्हा डिंकाने चिकटवले आणि साहेबांच्या ट्रेमध्ये तळाशी ठेवले. साहेब शनिवारी परतले. शनिवारी दवंडी झाली आणि नळ बंद झाला.

मधल्या दिवसांत मी केशवाला लकडगंजात गाठले. तो तिथल्या एका शेअरदलालाकडे कामाला होता. पटकी जाहीर झाली की सलाइनला भाव येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. सरकारी नोकर म्हणून माझ्या नावावर घेता येईनात. केशवाच्या नावावर घेतले असते तर ते केशवाचेच झाले असते. यमूच्या नावावर म्हणजे पुन्हा तिच्या भावाच्या तोंडी. म्हणून जिला वाचता येत नाही तिच्या नावावर घेतले. "माझ्या कागदावर साक्षीचा अंगठा पाहिजे," असे सांगून दरवर्षी तिला बँकेत नेत आलो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरे काय.

केशव तेव्हा म्हणाला होता, "भाऊजी, आपण नसते घेतले तर रोग काय थांबून राहिला होता? उलट कारखाना वाढेल, लोक वाचतील." बाटल्यांनी लोक वाचले, हे खरेच. या युक्तिवादात मला आजवर खोट सापडली नाही, आणि म्हणूनच त्याचा मला संशय येतो. शेअर्स घेण्यात पाप होते की नाही, ते माझे ठरलेले नाही. पाकीट तळाशी ठेवण्यात होते. मी पाकीट फोडल्याचे कबूल केले असते तर नोकरी गेली असती. पण तेही पूर्ण खरे नाही. बातमी आधी फुटली असती तर भावही आधीच चढला असता.

अंजनाबाईची मुलगी शामला, वय वर्षे अकरा, शुक्रवारी आजारी पडली आणि रविवारी गेली. सलाइनची बाटली मिळाली होती. उशिरा मिळाली.

४. घराचा वरचा मजला त्या शेअर्सच्या डिव्हिडंडमधून बांधला आहे. तो अंजनाबाईला द्यावा. नीलाचे लग्नही त्यातच झाले. ते परत करता येत नाही. यावर नीलाचे यजमान कोर्टात जातील असा माझा कयास आहे. त्यांनी खुशाल जावे, तिथे हा कागद मोठ्याने वाचला जाईल.

५. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितल्यावर मी अंजनाबाईला बसवून शेअर्सचे सारे सांगितले. पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. मी गेल्यावर केशव तिचा अंगठा घेऊन मोकळा होईल, या भीतीने. पाकिटाचे मात्र बोललो नाही. वाटले, ती रडेल, पाया पडेल. तिने पदराला हात पुसले.

"पैशाचं मंग पाहू, बाबूजी. आंधी एक सांगा. शामला गेली त्या हप्त्यात बाई पानी उकळून राहिल्या होत्या. आमच्याकडं दवंडी त शनवारी झाली. तुमच्या घरी कोन्त्या रोजपासून उकळून राहिले होते?"

या घरात संशय घेणारा मी एकटाच, अशी माझी समजूत होती. ती चौदा वर्षे हा प्रश्न मनात ठेवून आमची भांडी घासत होती. मी म्हटले, आठवत नाही. "बरं," म्हणाली आणि उरलेले काम करून गेली.

तोंडाने सांगण्याची माझी छाती झाली नाही. म्हणून हे कलम तिला सर्वांआधी वाचून दाखवावे. नीलाने वाचावे, केशवाने नव्हे.

अंजनाबाई, मला आठवते. बुधवार सकाळपासून. पाकीट मी मंगळवारी दुपारी फोडले होते. गुरुवारी तू स्टोव्हवरचे पातेले पाहून विचारलेस, "काहून जी बाई, पानी काहून उकळून राहिल्या?" यमू माझ्याकडे पाहू लागली. मी मध्येच म्हणालो, बाईंचा घसा धरला आहे. शामला तुझ्या शेजारी बसून भांडी विसळत होती. तेव्हा ती चांगली होती.

ठिकाण : नागपूर
तारीख : १४ नोव्हेंबर १९८३
(सही) म. वि. पांढरीपांडे

साक्षीदार : लिहिणाऱ्याने आमच्या डोळ्यांदेखत सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या. मजकूर त्यांनी वर्तमानपत्राने झाकून ठेवला होता. आम्ही तो वाचलेला नाही.
(सही) रुपराव ठवकर, शेजारी
(सही) आनंदराव गोतमारे, पेन्शनर