उंदराईले दिलेले दात

मावल्याचे माझे मामा दौलत सार यांस, बेंगळुरूहून भाचा हर्षदीपचा दोन्ही हात जोडून जयभीम.

पत्रात आधी समोरच्याची तब्येत विचारावं, असं तुमीच मले सातवीत शिकवलं (आठवीत मी शाळाच सोडली, म्हून त्याच्या पुढचं राहून गेलं). पण तुमची तब्येत विचारली तर तुमी इथंच कागद फाडसान, हे मले माहीत आहे. म्हून मामीची विचारतो. मामीचे गुडघे कसे आहेत? तुमच्या दीपमालाचा खोकला गेला का? शेजारच्या रामाजीचा बैल लंगडत होता, तो आता नीट चालते का? सगळ्याईची खुशाली कळवा. राहिला एक माणूस, त्याचं शेवटी विचारतो. त्या दिवसापासून तुमी माझा फोन उचलणं बंद केलं, म्हून हा कागद. चुका लाल पेनानं खुशाल काढा, पण शेवटपर्यंत वाचा.

आई म्हणते, या पोराच्या पायाले भिंगरी आहे. तसं काही नाही. बर्फाचा कारखाना सोडला कारण तिथं थंडी होती, बेकरी सोडली कारण तिथं गरमी होती, आणि लिफ्टची नोकरी सोडली कारण दिवसभर वर-खाली करून मी कुठंच पोचत नव्हतो. आता मात्र पक्कं काम भेटलं. इथं एक मोठी संशोधनाची जागा आहे, तिथल्या उंदराईच्या खोलीत मी पिंजरे धुतो, भुसा बदलतो, पाण्याच्या बाटल्या भरतो. मामा, काय त्या उंदराईची सरबराई! दिवसभर एसी. खाणं मोजून, पण चांगलं. आत जायच्या आधी मले टोपी, मास्क, झगा घालावा लागते, कारण माझ्यापासून त्याईले रोग लागू नये. आपल्याकडं जावयाचीबी एवढी काळजी घेत नाहीत.

त्यातल्या काही उंदराईचं लिव्हर औषध देऊन मुद्दाम खराब करतात. (दारूचा एक थेंब न पाजता. म्हणजे दारू न पेताबी लिव्हर खराब होते, हे मी डोळ्यानं पाहिलं. हे वाक्य मामीले दोनदा वाचून दाखवा.) मग लहान पोराईचे पडलेले दुधाचे दात आणतात, त्याच्या आतला मऊ गर काढतात आणि त्यातून स्टेम सेल वाढवतात. आमच्या प्रीती मॅडम नागपूरकडच्या आहेत, त्याईनं मले मराठीत समजावलं: या अशा पेशी, की ज्याईनं मोठं होऊन काय व्हायचं हे अजून ठरवलंच नाही. मी म्हटलं, मॅडम, मग मीबी तोच. त्या पेशी उंदराले टोचतात. आणि मामा, जो उंदीर कोपऱ्यात मान टाकून पडला होता, तो काही दिवसानं माझं बोट चावाले उठला!

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. दात पडला की आपण काय करतो? छपराच्या कवेलूवर फेकतो आणि उंदराले म्हणतो, हा घे, तुझा मजबूत दात मले दे. त्यानं आपल्याले कधी काही दिलं नाही, पण आपण पिढ्यानपिढ्या देऊनच राह्यलो. म्हून आपल्याकडचे उंदीर ज्वारी खातात, सरकी खातात, वरून मारायच्या औषधाची गोळी खातात आणि सकाळी पुन्हा हजर! त्याईचं लिव्हर कधीचंच दुरुस्त झालं आहे. अन् इकडं आमचा मामा, ज्यानं जिंदगीभर दारूबंदीच्या सभा घेतल्या, चहातबी साखर कमी घेतली, त्याचं लिव्हर जुन्या काविळीनं धरलं. हा कुठला न्याय?

आता त्या दिवसाचं. तुमी गल्लीत सगळ्याईले ॲसिडिटी म्हून सांगितलं होतं, हे मले ठाऊक नव्हतं. मी आपला घरच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला, की मामाच्या लिव्हरसाठी दात पाहिजेत, कोणी फेकू नका. घरच्याच ग्रुपवर टाकला हो! (त्यात गल्लीभर बातमी करणारा देवानंद कोणी घेतला ते शोधा.) पुढचं दीपमालानं मले सांगितलं, अन् सांगताना ती रडत होती का हसत होती ते कळलं नाही. रामाजी तंबाखूच्या डबीत स्वतःची दाढ घेऊन आला. रेणुकाबाईनं मेलेल्या नवऱ्याची आख्खी कवळी आणली, फडक्यात बांधून. पोराईचे दात शोधाले देवानंद तुमच्या छपरावर चढला, दात काही भेटला नाही, पण कवेलू फोडून तो थेट तुमच्या पलंगावर उतरला. एवढंबी चाललं असतं. पण रेणुकाबाई, जी सभेत तुमच्या बाजूले बसून दारूच्या नावानं बोटं मोडते, ती म्हणाली, "सार, आमाले काऊन नाही सांगितलं? माझ्या मालकाचंबी लिव्हरच होतं. तेबी मरेपर्यंत मी पेत नाही म्हणत होते." तवापासून तुमी दार लावून बसले, सभा सोडली, अन् दवाखान्याची तारीखबी जाऊ दिली. तिथं रांगेत सगळे पेणारेच बसतात, त्याईच्यात मी कसा बसू, असं मामीले म्हणाले म्हणे.

म्हून मी ठरवलं, आपणच दात द्यावा. मागची दाढ दुखतच होती. दाताचा डॉक्टर म्हणाला, ही अक्कलदाढ आहे, अर्धीच आली. मी म्हटलं, ते आमच्या गावात सगळ्याईले माहीत आहे, तुमी काढा. काढली, प्लास्टिकच्या डबीत टाकली, वर 'दौलत मामा, मावला, लिव्हरसाठी' अशी चिठ्ठी लावली आणि हळूच आमच्या इथल्या मोठ्या फ्रीजरात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी प्रीती मॅडम डबी घेऊन समोर उभ्या.

"हे काय आहे?"

"दात, मॅडम."

"कोणाचा?"

"माझा. पण मामाचा."

मॅडम हसल्या नाहीत. खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, की हे अजून उंदराईपुरतंच आहे, माणसाचं व्हायले किती वर्षं लागतील ते त्याईलेबी सांगता येत नाही, आणि आजच करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर उलट्या पायानं पळ. मग विचारलं, मामाचा डॉक्टर काय म्हणते? मी म्हटलं, मामा जातच नाही, लोक काय म्हणतील म्हून. तवा त्या म्हणाल्या, "माझ्या उंदरांचं मी दर आठवड्याला रक्त तपासते. एकानंही अजून लोक काय म्हणतील असं विचारलं नाही." काविळीनं धरलेल्या लिव्हरसाठी रोजची गोळी असते म्हणे, आजार वाढू देत नाही, पण द्यायची का नाही, कोणती द्यायची, ते रक्त पाहिल्याशिवाय कळत नाही. दार लावून बसल्यानं तर नाहीच कळत (हे माझं).

बाकी इकडं सगळं ठीक. काम उत्तम चाललं आहे, मले सुट्टीबी भेटली आहे. मामीले जयभीम, दीपमालाले आशीर्वाद (ती माझ्यापेक्षा तीन महिन्यानं लहान आहे, हे तिले आठवण करून द्या).

तुमचा,
हर्षदीप

ता. क. सोमवारी सकाळी मी आदिलाबादले उतरतो. पांढरा सदरा घालून तयार राहा, मोठ्या दवाखान्यात जायचं आहे. रांगेत वळखीचे भेटतील, ज्याईले तुमी सभेत नाव घेऊन झाडलं तेबी भेटतील. कोणी विचारलं तर बिनधास्त सांगा, भाच्याले घेऊन आलो, भाचा बेंगळुरूले जाऊन प्याले लागला. मी पोट धरून बसतो. दवाखान्याची चिठ्ठी तेवढी तुमच्या नावानं काढू. मले बदनामीची सवय आहे, तुमाले नाही.

ता. क. दुसरा. वर सुट्टी म्हटली, ती बिनमुदतीची आहे. फ्रीजरातल्या डबीचं मोठ्या साहेबालेबी समजलं. म्हून रांग कितीबी लांब असो, उठायची घाई नको, मले वेळच वेळ आहे. आईले सांगू नका.

ता. क. शेवटचा. पाकिटात दात आहे. मॅडमनं धुऊन दिला. कवेलूवर फेकू नका, तिथले उंदीर ठणठणीत आहेत. सोमवारपर्यंत सदऱ्याच्या खिशात ठेवा. आता नंबर तुमचा आहे.