चाव्यांची फळी

३ मार्च

चि. ठिणग्यास अनेक आशीर्वाद,

तुला पत्र लिहायला बसले की तुझे ठिणग्यांनी चाळण झालेले शर्ट डोळ्यांसमोर येतात. शिवणकाकूंनी एवढा जाड एप्रन शिवून दिला, तो वेल्डिंग करताना बांधतोस की अजून खिळ्यालाच?

बातमी मोठी आहे. काल संसदेच्या समितीपुढे माझी साक्ष झाली. सात वर्षं आमची संघटना ज्या कायद्यासाठी चपला झिजवतेय, तो अखेर टप्प्यात आलाय. पण त्या सदस्यांना भागीदारीचं घर म्हणजे काय हेच कळेना. भिंती राहणाऱ्याच्या, जमीन वसाहतीच्या मंडळाची. सोडून जायचं तर बाजारभावाने विकायचं नाही, बेताच्या ठरलेल्या किमतीत यादीतल्या पुढच्या कुटुंबाला द्यायचं, हे मी तीनदा सांगितलं. एक मेला तर सरळ जांभया देत होता.

मग मी कागद बाजूला सारले आणि आपल्या चाव्यांच्या फळीची गोष्ट सांगितली. चाळीस घरांच्या दुसऱ्या चाव्या सभागृहात नंबरवार उघड्यावर टांगलेल्या असतात, कारण घर अर्धं सगळ्यांचं. आई दूध गॅसवर ठेवून बाजारात गेली आणि सहा नंबरच्या शिवणकाकूंनी फळीवरून आपल्या घराची चावी काढून गॅस बंद केला, तेही सांगितलं. सगळे हसले, जांभईवालासुद्धा! आज ते पेपरात छापून आलंय, फळीच्या फोटोसकट. कात्रण सोबत ठेवलंय, आईला दाखव. नववं कलम, म्हणजे किमतीवरच्या मर्यादेचं, आता टिकेल असं वाटतं. बिल्डर लोकांना नेमकं तेच खुपतंय.

आईला म्हणावं गुडघ्याला तेल लाव. लोभ आहे तो वाढव, आळस आहे तो कमी कर आणि उत्तर लिही.

तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.,

अक्षर डाव्या हाताचं आहे, लावून घे. उजव्याचं हाड कोपराखाली दोन ठिकाणी मोडलंय.

गुरुवारी भर दुपारी ते आले. तीसेक जण, हातात घण आणि पहारी. सगळे कामावर, घरात म्हातारी माणसं तेवढी. कुणी दार फोडलं नाही, ताई. सरळ सभागृहात गेले, फळी उतरवली आणि नंबर बघून एकेक कुलूप उघडत गेले. नळ, बेसिन, शेगड्या, सगळ्याचा चुराडा केला. आई कपाट सोडेना म्हणून तिला केसांना धरून पायऱ्यांवरून ओढत आणलं. तिचे पुढचे दोन दात गेले, डावं मनगट मोडलं. शिवणकाकू मशीनला मिठी मारून बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यात पहार घातली. अजून शुद्ध नाही.

मी वर्कशॉपातून लोखंडी पाइप घेऊनच धावलो. आपल्या घरात त्यांच्यातला एकटाच होता, आरशावर घण घालत होता. मी त्याच्या गुडघ्यावर पाइप हाणला. हाड मोडल्याचं ऐकू आलं तरी थांबलो नाही. तो हात जोडत होता आणि मी मारत होतो. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. मग बाकीचे धावून आले, माझा हात दाराच्या चौकटीत धरला आणि दार आपटलं. तीनदा.

पोलीस म्हणतात, कुलपं शाबूत, चाव्या तुमच्याच, म्हणजे हे तुमचं आपसातलं भांडण. तसंच लिहून घेतलंय. पाइपबद्दल मात्र माझ्यावर गुन्हा आहे.

आणखी एक. आई म्हणते कळवू नकोस, पण मला गिळवत नाही. त्या माणसाच्या खिशातून पेपरचं कात्रण पडलं. तू पाठवलंस त्याच बातमीचं.

तुझ्यावर लोभ ठेवावा की राग, अजून ठरत नाही.

धाकटा

१७ मार्च

चि. ठिणग्यास,

आशीर्वाद कुठल्या तोंडाने लिहू? चार माणसं हसावीत म्हणून मी चाळीस घरांच्या चाव्या गुंडांच्या हातात दिल्या. जीभ झडली असती तर बरं झालं असतं. रात्रंदिवस आईचं तोंड समोर येतं, आणि त्या तोंडात दात नसतात.

इथलं ऐक. समितीतून निरोप आलाय, नववं कलम काढा, कायदा याच अधिवेशनात पास होईल. आमचे अध्यक्ष म्हणतात कलम सोडायचं नाही. पंचवीस तारखेला पुन्हा साक्षीला उभी राहा, आईचे फोटो दाखव, पण भावाने एकाला लोळवलं त्याचा चकार शब्द काढू नकोस.

मी कलम सोडायला सांगणार आहे. मग बिल्डर घरं रीतसर विकत घेईल, घण घेऊन कुणी येणार नाही. तूही विक आणि आईला घेऊन इकडे ये. माझ्या दोन खोल्यांत मावू आपण. माणसंच मेली तर कायदा कुणासाठी रे? काकूंचं उलट टपाली कळव.

लोभ मागायचा हक्क उरला नाही, तरी मागते.

ताई

२० मार्च

चि. थोरलीस आशीर्वाद,

शिवणकाकू काल गेल्या. त्यांची कात्री माझ्या उशाशी ठेवलीय. पुन्हा कुणी आलं तर त्याच्या पोटात खुपसीन.

तुझं रडगाणं वाचलं. वेडेपणा केलास खरा, पण फळी आम्ही वीस वर्षं उघड्यावर टांगली होती, तीही आमच्याच हौसेने. घर विका म्हणतेस! मला हे घर मिळालं ते आधीच्या बाईने बाजारात विकलं नाही म्हणून. तुम्हा दोघांना घेऊन अकरा भाड्याच्या खोल्या बदलल्या, विसरलीस? शेवटच्या मालकाने आपलं अंथरूण गटारात फेकलं, तेव्हा सात वर्षांची तू त्याच्या हाताला रक्त येईपर्यंत चावली होतीस. कुठे गेली ती पोरगी?

पंचवीसला जा आणि सगळं सांग, पाइपचंही. दडवलंस तर ते उकरून काढतील आणि काकूंचं मरणही खोटं ठरवतील. कलम सोडलंस तर इकडे फिरकू नकोस. बोलताना तोंडातून हवा जाते, म्हणून लिहिलं.

आई

२६ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.,

सगळं सांगितलं. कात्रणाचंही. जांभईवाल्याने विचारलं की तुमच्या भावाने एका माणसाला लुळं केलं ना? मी हो म्हणाले, आणि तेव्हा त्याला बरं वाटत होतं हेही सांगितलं. नववं कलम एका मताने राहिलं. तुमच्या तक्रारीचा तपास नव्याने करायलाही समितीने पोलिसांना लावलंय.

बाहेर पडले तर जिन्यात दोघांनी गाठलं. एकाने केस धरून माझं डोकं कठड्यावर आपटलं. सात टाके पडलेत, काळजी नसावी. आई, मी चावले. सोडलंच नाही.

लोभ असेल तर चावी ठेव.

थोरली

९ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.,

डोकं कसं आहे? आई तुझं पत्र सगळ्या वसाहतीला वाचून दाखवते, चावल्याचं दोनदा.

काकूंना मारणारा पकडला गेला. आम्ही सगळी कुलपं बदलली. मी सांगत गेलो आणि वर्कशॉपच्या पोरांनी लोखंडाची फळी जोडली, झाकणाची, भिंतीत पक्की. आठवडाभर कुणी चावी टांगेना. मग आईने आपली टांगली, तुझ्यासाठी एक जास्तीची केली तीही टांगली, आणि रोज तिथे खुर्ची टाकून बसू लागली. परवापर्यंत पस्तीस झाल्या.

काल काकूंच्या सहा नंबरसाठी मंडळाने यादी काढली. पुढचं नाव असलेल्या घरची बाई दोन मुलींना घेऊन आली. तिने नवऱ्याचं नाव सांगितलं; माझ्यावरच्या गुन्ह्याच्या कागदात तेच आहे. तोच, ज्याचा पाय मी मोडला. तो पाय आता मांडीपासून कापलाय. चार वर्षं यादीत होता. मजुरांच्या नाक्यावरून दिवसाच्या कामाला म्हणून उचलून आणला होता; कुणाची घरं फोडायची ते टेम्पोतून उतरल्यावर हातात कात्रण कोंबलं तेव्हा कळलं, तरी घण त्याने घेतला. बाईने काही लपवलं नाही.

सभेत खुर्च्या उडाल्या. इस्त्रीवाले काका म्हणाले, घर पेटवीन पण त्याला देणार नाही. मलाही तसंच वाटत होतं. तो आरसा, आईचे दात, सगळं डोळ्यांसमोर होतं. त्याचे जोडलेले हातही. आई म्हणाली, यादी म्हणजे यादी, नाहीतर त्या कलमासाठी पोरीने डोकं कशाला फोडून घेतलं? घर द्यायचं ज्यांना मान्य त्यांनी हात वर करा म्हणाली. सगळे माझ्याकडे बघत राहिले. उजवा हात झोळीत आहे, वर होत नाही, असं सांगून सुटता आलं असतं.

मी डावा वर केला.

लोभच ठेवायचं ठरलं, ताई. तूही ठेव.

तुझा ठिणग्या