किल्ल्यातल्या बागेतला बारावा फोटो

अण्णा, आज तुमच्या फोटोची काच पुसताना आई पुन्हा तेच म्हणाली, "ह्येंचं कान आसं नव्हतं." मी पेपरात तोंड खुपसून बसलो. तो फोटो तुमचा नाहीच. तुम्ही गेलात तेव्हा घरात तुमचा एकही फोटो निघाला नाही. मग सात रस्ता चौकाजवळच्या एका चित्रकारानं काकांच्या, तुमच्या भावाच्या फोटोवरून चेहरा रंगवला आणि आईनं सांगितली तशी मिशी, टोपी काढून दिली. इतकी वर्षं आम्ही काकांच्याच कानांवरून हार घालतोय.

ती दुपार तुमच्या लक्षात असणारच. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष. आम्ही तिघं मित्र किल्ल्यातल्या बागेत फोटो काढायला गेलो होतो. एकानं मेहुण्याचा कॅमेरा हातापाया पडून आणलेला, रोल बारा फोटोंचा. बुरुजापाशी, फुलांच्या वाफ्यापाशी, एकेक फोटो जपून चाललेला. अंगात इस्त्रीचे कपडे, माझ्या डोळ्यांवर उसना गॉगल. तेवढ्यात तुम्ही येताना दिसलात. सकाळी घरात या फोटोंची मीच बढाई मारली होती, म्हणून पहिली पाळी सुटल्यावर तुम्ही गिरणीतून तसेच इकडे आलात. भुवयांत कापूस, हातात डबा, खांद्यावर तो लाल काठाचा टॉवेल. मला तुमची लाज वाटली, अण्णा. आता काय आडपडदा ठेवायचा.

मित्रांना मात्र बरं झालं, तिघांचा एकत्र फोटो काढायला माणूस मिळाला. टॉवेल आणि डबा तिथल्या जुन्या तोफेवर ठेवून तुम्ही कॅमेरा हातात घेतलात. तुम्ही यंत्रावरचा माणूस, एकदा सांगितलेलं पुरलं. तो अकरावा फोटो. मग एक मित्र म्हणाला, "काकांचा एक काढू की." "माजा कशाला," म्हणालात खरं, पण टोपी झटकून नीट घातलीत, सदऱ्याचं वरचं बटण लावलंत आणि तोफेशेजारी ताठ उभे राहिलात.

"रोल संपला," मी म्हणालो. मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ दे मग. फुडच्या बारीला काडू," म्हणून तुम्ही डबा उचललात आणि निघालात. तुम्ही दिसेनासे होईपर्यंत मी थांबलो. मग बारावा फोटो माझा एकट्याचा काढून घेतला, तोफेला टेकून.

आठवड्यानं फोटो आले. तुम्ही कंदिलाची वात मोठी करून एकेक बघितलात. शेवटचा बराच वेळ हातात धरलात. तेव्हा मला दिसलं, माझ्या कोपराशी तोफेवर तुमचा टॉवेल पडलेला होता. विसरून गेला होतात तो. म्हणजे हा फोटो तुम्ही गेल्यावर काढलेला, हे तुम्हाला कळलंच असणार. "ह्यो ब्येस आलाय," एवढंच म्हणालात आणि पाकिटात परत ठेवलात. ओरडला असतात तर बरं झालं असतं. पुढची बारी आलीच नाही, पावसाळ्याच्या आत तुम्ही गेलात.

तो फोटो माझ्या पेटीत तळाशी आहे. अधूनमधून काढतो, टॉवेलकडे बघतो आणि ठेवतो. ही चिठ्ठीही त्याच पाकिटात जाईल.

काच पुसून झाल्यावर आईनं विचारलं, त्या दिवशी बागेत त्यांचा एखादा फोटो का रे नाही काढलास? रोल संपला होता, असं मी आजही म्हणालो.