तीन आरशांची बस

आदरणीय दादा यांना,
धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा मनापासून नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तुमची कंबर कशी आहे? मागे फोनवर विचारलं तर "कंबर आहे एवढं कळतं" म्हणालात, त्यावरून ती बरी की वाईट याचा काही उलगडा झाला नाही. तुमची बहीण मजेत आहे. आत्ता समोरच शिवणयंत्रावर शेजारणीचे पडदे आखूड करते आहे, आणि मी काय लिहितो ते मान वर न करता वाचते आहे (ही विद्या तुमच्या घराण्यातलीच असावी). पत्राचं कारण असं की, एका बाबतीत तुमचा सल्ला हवा आहे. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीतली एकोणतीस आपण एकाच डेपोत काढली, तुम्ही बॉनेटमध्ये डोकं घालून आणि मी स्टेअरिंग धरून. "ड्रायव्हरला गाडीतला फक्त हॉर्न कळतो" हे तुमचं वाक्य मी तुमचा मेहुणा होण्याच्या आधीपासून ऐकत आलो. तेव्हा यंत्राचा प्रश्न तुम्हांलाच विचारायला हवा. गेम खेळायचा संगणक दुकानातून तयार घ्यावा, की सुटे भाग आणून घरी जुळवावा?

हसू नका. आधी सगळं ऐका.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला आणि त्याच्यामागोमाग मोठ्या गाडीचं लायसन्स सुटलं, हे तुम्हांला माहीत आहे. त्यानंतरचं मी कुणाला सांगितलं नाही. एका डोळ्याने दिसतं सगळं, पण वस्तू जवळ की लांब हे कळत नाही. चहा कपाऐवजी बशीत पडतो. बाहेर निघालो तर दुसऱ्याच्या बसमध्ये प्रवासी म्हणून बसायचं, आणि वळण आलं की माझा उजवा पाय समोरच्या सीटखाली ब्रेक दाबायचा. एकदा समोरच्या बाईंच्या पिशवीतल्या टोमॅटोंवर दाबला. त्या दिवसापासून मी बसने जाणंच सोडलं. घरात खुर्ची खिडकीशी ओढून बसायचो आणि कोपऱ्यावरून कोणती गाडी किती मिनिटं उशिरा गेली ते बघायचो. तुमच्या बहिणीने खुर्चीवर उशी आणून ठेवली तेव्हाच मी समजलो, की आता हा मुक्काम लांबणार असं तिनेही धरून ठेवलं आहे.

मग पुतणीकडे गेलो होतो. ती कचेरीतून आली, चहा घेतला आणि संगणकापुढे बसून बस चालवायला लागली. (तिने मला दाखवायला म्हणून नव्हे, रोजच्यासारखीच लावली होती.) दादा, मी खोटं सांगत नाही. काचेवर पावसाचे थेंब होते आणि वायपर फिरला की पुसले जात होते. जिथे वायपर पोचत नाही त्या कोपऱ्यात ते तसेच राहत होते! आरशात मागचा रस्ता दिसत होता. मागून एक मोटार आली, ती आधी आरशात आली आणि मग खिडकीशी. मी उभाच राहिलो. पुतणी म्हणाली, "काका, बसा ना." मी म्हटलं, "आधी डावीकडे बघ, सायकलवाला आहे." खरंच होता. आणि घरी परतताना वाटेत माझ्या ध्यानात आलं, की पडदा सपाट असतो. त्याच्यासमोर दोन डोळ्यांच्या माणसालासुद्धा जवळ आणि लांब हे अंदाजानेच ठरवावं लागतं. म्हणजे त्या रस्त्यावर मी कुणापेक्षा कमी नाही. हे कळल्यावर मी फुटपाथवर थोडा वेळ थांबलो होतो.

आपल्या घरच्या जुन्या संगणकात ती बस घालून पाहिली. पाऊण तासाने एक राखाडी खोका आला, त्याला चाकं नव्हती. तेव्हा नवा घेणं भाग होतं.

पहिलं दुकान मोठं, गारेगार. तिथे तयार संगणक ओळीने मांडलेले, आणि त्यांच्या पोटात लाल, हिरवे, जांभळे दिवे अशा दिमाखात फिरत होते की चप्पल बाहेर काढून जावं असं वाटलं. विक्रेत्याने अगदी अदबीने सांगितलं, की हा घरी न्या, तारा लावा, बटण दाबा. मी विचारलं, आत काय आहे? तो म्हणाला, "आत सगळं आहे." झाकण काढून बघू का? तर म्हणाला, "सील तोडलं की वॉरंटी गेली, काका." तुमच्या बहिणीला हे फार पटलं. तिचं म्हणणं, ज्या माणसाला बल्ब बदलताना शिडी धरायला दोघं लागतात, त्याने सील असलेलीच वस्तू घ्यावी.

दुसरं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. तिथे एक बाई होत्या, कपाळावर एक चष्मा आणि नाकावर दुसरा. "काय चालवणार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बस." दादा, त्या हसल्या नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न केला, "आरसे किती?" मी म्हटलं, तीन. त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, "काका, पुढचा रस्ता एकदा आणि प्रत्येक आरशातला वेगळा, म्हणजे यंत्राला दर क्षणी चार चित्रं रंगवायची आहेत. तेही सेकंदाला साठ वेळा." मी चौतीस वर्षं आरशात बघितलं, पण एका आरशाची किंमत मला त्या दिवशी कळली. त्यांनी समजावलं, की चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड दणकट हवं आणि त्याला वीज पुरवणारा डबा इमानी हवा. तयार संगणक वाईट नसतो, वेळ नसेल तर जरूर घ्या, फक्त ही दोन नावं विचारून घ्या. मी पुन्हा मोठ्या दुकानात जाऊन विचारली. कार्ड निघालं दोन आरशांचं. डब्याला नावच नव्हतं.

तिथेच माझा निर्णय झाला. बॉनेट मी कधी उघडलं नाही हे कबूल, पण गाडीभोवती एक फेरी मारल्याशिवाय, चारी बाजूंनी हात लावून बघितल्याशिवाय मी एकही गाडी डेपोबाहेर काढलेली नाही. न बघितलेल्या गाडीत मी चढणार नाही.

मग जिन्याखालच्या बाईंकडून सुटे भाग आणले आणि एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली. अंगातली वीज उतरावी म्हणून आधी लोखंडी कपाटाला हात लावायचा असतो, तो आम्ही दोघांनी नमस्कार करावा तसा लावला. आणि प्रोसेसर बाहेर काढला. दादा, सगळा कारभार करणारी ही वस्तू बिस्किटाएवढी! तिच्या कोपऱ्यावर एक सोनेरी त्रिकोण, ज्यावर सगळे भाग बसतात त्या बोर्डावर तसाच दुसरा, त्रिकोणाला त्रिकोण जुळला की ती अलगद आपल्या जागी बसते. जोर लावायचा नाही. एवढ्याशा चौकोनात अब्जावधी बारीक खटके आहेत आणि ते माणसांनीच केले आहेत, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. आम्ही दोघं पाच मिनिटं नुसते बघत बसलो. तुमची बहीण एवढंच म्हणाली, "हे शिवलं कुणी असेल?"

अडचण शेवटी आली. चालू करायच्या बटणाच्या तारा केसाएवढ्या आणि त्या बसवायच्या पिना त्याहून बारीक. मी तार नेली, ती पिनेच्या अलीकडे. पुन्हा नेली, पलीकडे. दहा वेळा नेली. जवळ-लांब कळतच नव्हतं. मी चिमटा खाली ठेवला आणि म्हटलं, सील असलेलाच आणायला हवा होता. तुमची बहीण उठून टेबलाच्या बाजूला गेली, वाकली, पिनांच्या पातळीला डोळे आणले आणि म्हणाली, "येऊ द्या." मी चिमटा पुन्हा उचलला. "येऊ द्या, येऊ द्या... थोडं डावीकडे... सरळ... बास!" तार बसली. कुठल्याच कंडक्टरने माझी गाडी इतकी नीट लावून घेतली नव्हती.

बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, तरी शांत. तासभर आम्ही सगळ्या तारा तपासल्या. शेवटी जिन्याखालच्या बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, "काका, मागचा खटका?" मागे एक खटका असतो, दादा. (यापुढचं तुमचं वाक्य मी इथून ऐकलं.)

आणि मग पंखे फिरले. पुतणीने आपलं जुनं स्टेअरिंग आणि पेडल दिली होती, ती लावली. पहाटेची पहिली गाडी घेतली. धुकं होतं. घाट चढता चढता ऊन आलं, आणि तिन्ही आरशांत ते वेगवेगळं आलं. पहिल्या स्टॉपवर माणसं चढली, तर मी मोठ्याने म्हणालो, "पुढे सरका." माझा पाय ब्रेकवर होता आणि खाली खरंच ब्रेक होता. पावणेदोन तास चालवली. शेवटच्या स्टॉपवर मागे वळलो, तर तुमची बहीण माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी. म्हणाली, "समोरून इतकं दिसतं होय?" इतक्या वर्षांत ती कितीदा माझ्या गाडीने आली असेल, पण लोक काय म्हणतील म्हणून मी तिला कायम मागे बसवलं.

असो. तर तयार घ्यावा की जुळवावा, तुमचं मत सविस्तर कळवावं. वहिनींना नमस्कार. कंबर जपा.

तुमचा,
फक्त हॉर्न कळणारा

ता. क. वरच्या प्रश्नाचं उत्तर आता नाही कळवलंत तरी चालेल, हे पत्र पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं.

दुसरा ता. क. खरं काम हे आहे. त्या रविवारनंतर मला गाडी मिळालेली नाही. तुमची बहीण रोज शिवायचे पडदे बाजूला सारून चालवायला बसते. स्टॉपवर थांबते, पण तिला आवडलेल्याच. घाटातलं तिसरं वळण ती ज्या वेगाने घेते तो मी उभ्या जन्मात घेतला नाही, आणि आजवर एक ओरखडा नाही. मी थक्क आहे, पण मलाही चालवायची आहे. तुम्ही पुढच्या महिन्यात येताय, तर आपण दोघं मिळून दुसरा संगणक जुळवू. तिला आधी कळवू नका.

(खालचं अक्षर तिचं आहे.)

दादा, मी सगळं वाचलं. दुसरा संगणक बिलकुल नको. येताना एक बरी उंच खुर्ची तेवढी आण. मी चालवत असते तेव्हा हे तासन्‌तास माझ्या मागे उभे असतात. खिडकीशी ठेवलेली उशीची खुर्ची ओढून बसा म्हटलं तर बसत नाहीत. म्हणतात, खाली बसलो की तू दिसत नाहीस, उभा राहिलो की पडद्यावरच्या आरशात तुझा चेहरा उमटलेला दिसतो.